जिमला नवीन आहेस? मग आधी अंगाचा खरा हिशोब समजून घे: जेनेटिक्स, इंजेक्शनं आणि नॅचरल बॉडी

जून-जुलैत कॉलेजं उघडली की आमच्या भुसावळकडच्या जिममधे नवीन पोरं येतात, कोणी यावल-रावेरकडून, कोणी वरणगावहून, आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला असतो, "दादा, तीन महिन्यात होईल ना बॉडी?" आणि मग मोबाईल काढून एक फोटो दाखवतात. मी 11 वर्षं व्यायाम करतोय, स्टेरॉईडचं (मसल वाढवणाऱ्या औषधाचं) एकही इंजेक्शन न घेता, आणि संध्याकाळी नवीन पोरांना शिकवतो. त्या फोटोतल्या माणसाची जेनेटिक्स, त्याने काय घेतलंय आणि त्याला किती वर्षं लागली या तिन्ही गोष्टी फोटोत दिसत नाहीत, आणि पोरगा नेमकं त्याच्याशीच स्वतःला मोजायला लागतो. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितोय, पायरी पायरीने कर.

पायरी 1: टेप आणि वही

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घे आणि एक साधी वही. सकाळी उपाशीपोटी, संडासला जाऊन आल्यावर वजन कर. मग दंड, छाती, कंबर बेंबीवर, मांडी, पोटरी आणि मनगट मोज. उजेडात, एकाच जागी उभं राहून समोरून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढ. पंप झाल्यावर माप किंवा फोटो काढू नको, सेट मारल्यावर (सलग काही वेळा वजन उचलल्यावर) दंड तासभर फुगलेला असतो, तो आकडा खरा नाही.

सोबत एकदा रक्त तपासून घे, हिमोग्लोबिन, व्हिटॅमिन बी12, व्हिटॅमिन डी आणि साखर. शाकाहारी घरातल्या पोरांचं बी12 बऱ्याचदा खाली असतं आणि तो बिचारा सहा महिने स्वतःला आळशी समजत बसतो.

नंदुरबार, अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, साक्री, चोपडा, सातपुड्याच्या पट्ट्यातला असशील तर सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी केल्याशिवाय जड व्यायाम सुरू करू नको. सरकारी दवाखान्यात होते. रिपोर्टमधे एएस आलं तर तू वाहक, एसएस आलं तर आजार. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो, त्याला कळतसुद्धा नाही, आणि त्याने व्यायाम सोडायचीही गरज नाही. पण उन्हात, पाणी कमी पडलेलं असताना, दम तुटेपर्यंत एकदम जोर लावला तर वाहकाच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन मसलचं रक्त अडू शकतं आणि हे जिवावर बेततं. म्हणून वाहकाने हळूहळू वाढवायचं, मधे विश्रांती घ्यायची, पाणी पीत राहायचं, आणि भर उन्हात शर्यती लावायच्या नाहीत. एसएस असेल तर डॉक्टरला विचारूनच. बॉडीबिल्डिंगचं जेनेटिक्स म्हटलं की सगळे दंडाच्या आकाराबद्दल बोलतात, आपल्या भागात मात्र पहिला जीन हा विचारायचा.

पायरी 2: अंगकाठी ओळख

शेतकऱ्याच्या पोराला हे वेगळं शिकवायला नको. एकाच गव्हाणीत खाल्लेले दोन गोऱ्हे, एक पोळ्यापर्यंत भरून येतो आणि दुसरा तसाच चपटा राहतो, चारा तोच, मालक तोच. माणसाचं तसंच आहे.

माझं आणि माझ्या चुलत भावाचं उदाहरण सांगतो. दोघांची उंची जवळपास सारखी, 170 सेंटीमीटर. माझं मनगट साडेसहा इंच, त्याचं साडेसात. तो हाडापेराने मजबूत, खांदे रुंद, लहानपणापासून केळीचे घड खांद्यावर घेऊन मळ्यातून गाडीपर्यंत आणायचा. जिमला दोघं एकाच दिवशी लागलो. चार महिन्यांत त्याचा शर्ट दंडात बसेना आणि माझी आई मला विचारत होती की तू खरंच जिमला जातोस का. तो आठवड्यातून दोनदा दांड्या मारायचा, मी एकही दिवस चुकवला नव्हता. मला त्या वेळी फार लागलं होतं ते, रात्री झोप यायची नाही. कोणी तेव्हा समजावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता सांगतो. 2005 मधे एक मोठा अभ्यास छापून आला होता, 585 माणसं, बाया आणि पुरुष दोन्ही, सगळ्यांनी 12 आठवडे एकाच हाताचा सारखाच व्यायाम केला. शेवटी मोजलं तर कोणाच्या बायसेपचा आकार 59 टक्के वाढला होता, आणि कोणाचा 2 टक्के कमी झाला होता. ताकद कोणाची शून्य टक्के वाढली, कोणाची अडीचशे टक्के. व्यायाम सारखाच. बहुतेक माणसं अर्थात मधे कुठेतरी होती, तूही बहुतेक मधेच असशील.

जेनेटिक्स म्हणजे काय काय, तर हाडांची जाडी, खांदे-कमरेची रुंदी, हातपायांची लांबी, मसल हाडाला कुठे चिकटतो ती जागा, मसलचे धागे किती, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) किती, आणि व्यायामाला अंग किती जोरात उत्तर देतं ते. पोटऱ्यांचं बघ, ज्याचा पोटरीचा मसल गुडघ्याखाली लगेच संपतो आणि खाली लांब टेंडन (मसलला हाडाशी जोडणारी दोरी) असतो त्याची पोटरी कितीही केली तरी वरच गोळा होते. ती जागा व्यायामाने हलत नाही. सिक्स पॅकचंही तेच, वड्या किती आणि सरळ का वाकड्या हे जन्माला येतानाच ठरलेलं असतं.

मायोस्टॅटिन नावाचं एक प्रोटीन आहे, ते मसलची वाढ अडवून धरतं. बेल्जियन ब्लू जातीच्या गाईबैलांत त्याचा जीन बिघडलेला असतो म्हणून ती जनावरं डोंगरासारखी दिसतात. 2004 मधे जर्मनीतल्या एका लहान मुलात असाच बदल सापडल्याचं छापून आलं होतं, जन्मतःच मांड्या-दंड भरलेले. असा माणूस अतिदुर्मिळ, पण असतो.

आणि आपल्या लोकांची एक वेगळी गोष्ट आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन, या दोघांचा फोटो 2004 मधे लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, 22.3. पण युडकिनांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. दिसायला बारीक, आत चरबी जास्त आणि मसल कमी, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. म्हणून बाहेरच्या देशातल्या माणसाने सांगितलेलं "पहिल्या वर्षी दहा किलो मसल" हे तुला लागू होईलच असं नाही, आणि म्हणूनच नुसतं वजन वाढवायच्या मागे लागलास तर आधी पोट येईल.

पायरी 3: किती आणि किती दिवसांत

नवीन माणसाला, खाणं-झोप-व्यायाम सगळं नीट असेल तर, पहिल्या वर्षी महिन्याला साधारण अर्धा किलो मसल म्हणजे चांगली गती, नशीबवान असेल त्याला सुरुवातीचे महिने एक किलोपर्यंत मिळतं. दुसऱ्या वर्षी निम्मं. तिसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं. पाचव्या वर्षानंतर वर्षाला एक किलो चढला तरी समाधान मानायचं. पहिल्या सहा-आठ आठवड्यात ताकद भराभरा वाढेल पण आकार दिसणार नाही, कारण तेव्हा मेंदू आणि नसा शिकत असतात. बरीच पोरं नेमकी इथेच सोडतात.

माझे स्वतःचे आकडे: सुरुवातीला 52 किलो. एक वर्षाने 58. आता 11 वर्षांनी 69 किलो, कंबर जेमतेम दोन इंच वाढली. बघणाऱ्याला शर्टात साधाच दिसतो, बनियनवर आलो की कळतं. माझ्या अंगकाठीला हे उत्तम आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

आता एक हिशोब शिकून ठेव, एफएफएमआय म्हणतात त्याला. वजनातून चरबी वजा कर आणि उंचीच्या वर्गाने भाग, उंची मीटरमधे. माझं: 69 किलो, चरबी 14 टक्के धरली तर बाकी 59.3 किलो, भागिले 1.70 गुणिले 1.70 म्हणजे 2.89, उत्तर 20.5. 1995 मधे 157 खेळाडूंवर हा हिशोब करून बघितला होता, त्यात स्टेरॉईड न घेणारे साधारण 25 पर्यंतच गेलेले दिसले, घेणारे मात्र बरेच जण त्याच्या वर. 25 ही काही दगडावरची रेघ नाही, एखादा हाडापेराचा माणूस थोडा वर जाऊ शकतो, आणि चरबीचा अंदाज चुकला की उत्तरही चुकतं. पण अंदाज येतो. 170 सेंटीमीटरचा माणूस, 10 टक्के चरबीवर, 80 किलो, म्हणजे 25 च्या टोकावर. तीच उंची, तसेच कट्स (कमी चरबीमुळे दिसणाऱ्या मसलच्या रेघा) आणि 90 किलो असं कोणी म्हणत असेल आणि वर नॅचरल, म्हणजे काही न घेता, म्हणत असेल तर तू त्याच्याशी भांडू नको, फक्त स्वतःला त्याच्याशी मोजणं बंद कर.

आपण रोज अंगात घालतो त्या सँडो बनियनला नाव मिळालं ते युजेन सँडोवरून, जुन्या काळातला नामांकित पहिलवान, 1867 चा जन्म, भारतातही दौरा करून गेला होता. तो 1925 ला वारला. टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार झालं 1935 ला, आणि डायनाबॉल ही स्टेरॉईडची गोळी अमेरिकेच्या बाजारात आली 1958 ला. म्हणजे सँडोकडे यातलं काही असणं शक्यच नव्हतं. त्याचे जुने फोटो शोधून बघ. छाती-खांदे-पोट सगळं कोरल्यासारखं, पण आजच्या मोबाईलवरच्या बॉडीशेजारी लहान वाटेल. निसर्गाने उत्तम जेनेटिक्स दिलेला, आयुष्यभर मेहनत केलेला माणूस असा दिसतो. नवीन पोरांना मी भिंतीवर लावायला तोच फोटो सांगतो.

पायरी 4: औषधं काय करतात ते नीट समजून घे

"मेहनत तर त्यांनाही करावी लागते ना" हे वाक्य रोज ऐकतो. करतात ना, मेहनत करतात. पण 1996 चा एक अभ्यास आहे, 43 पुरुष, 10 आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. एका गटाला आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं आणि व्यायाम बंद ठेवला, त्यांचं चरबी सोडून वजन 3.2 किलो वाढलं. दुसऱ्या गटाला खोटं इंजेक्शन आणि खरा व्यायाम, त्यांचं 1.9 किलो. दोन्ही मिळालेल्यांचं 6.1. म्हणजे घेऊन बसलेला माणूस हा न घेता घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. हे सांगतोय ते तुला मोह व्हावा म्हणून नाही, तर तू आरशासमोर उभा राहून "मीच कमी पडतो" म्हणतोस ना, ते बंद व्हावं म्हणून.

आता किंमत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदू अंडकोषांना काम थांबवायला सांगतो. ते लहान होतात, शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. बंद केल्यावर सगळं परत सुरू व्हायला महिने लागतात, कोणाला वर्षाच्या वर, आणि त्या काळात अंगात जीव नसतो, मन उदास, लग्न झालेलं असेल तर घरात ताण. म्हणून माणूस परत सुई लावतो. चांगलं कोलेस्टेरॉल खाली, वाईट वर, रक्त घट्ट, बीपी वर, हृदयाची भिंत जाड. गोळ्यांचा मार लिव्हरवर. आणि एकच बाटली चार जणांत, एकच सुई दोघांत, यातून कावीळ बी, सी आणि एचआयव्ही.

आमच्याकडे एक पोरगा यायचा, वय 19, बाप रेल्वेत. मे महिन्यात, भुसावळला पारा 45 च्या पुढे, आणि हा दोन बनियन आणि वर जाड टीशर्ट घालून यायचा. घामाने निथळायचा पण टीशर्ट काढायचा नाही. एक दिवस सगळे गेल्यावर मी विचारलं, "काय व्हयनं रे भो?" तो काही बोलला नाही, फक्त टीशर्ट वर केला. दोन्ही निपलच्या खाली लिंबाएवढी गाठ, हात लागला तरी दुखत होती. आधी जायचा त्या जिमच्या ट्रेनरने त्याला "प्रोटीनचं इंजेक्शन" सांगून आठ आठवडे टोचलं होतं, बाटलीवरचं लेबल खरडलेलं. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अंगात इस्ट्रोजेन (बायकी हार्मोन) होतो आणि पुरुषाला स्तन वाढतात, त्याला गायनो म्हणतात. लवकर डॉक्टरकडे गेलं तर औषधाने कधी कधी बसतं, वर्षभर अंगावर काढलं तर गाठ घट्ट होते आणि ऑपरेशनशिवाय जात नाही. त्याने लाजेने अंगावर काढलं होतं. ऑपरेशन झालं. त्या पोराला कोणी विचारलंच नव्हतं की तुला हे हवंय का, आणि मला आजही त्या ट्रेनरचा राग येतो.

कोण काय घेऊन तुझ्याकडे येईल ते आधीच सांगून ठेवतो.

प्रोटीनचं इंजेक्शन असं काही नसतं. प्रोटीन खायची गोष्ट आहे, दंडात टोचायची नाही. हे शब्द ऐकले की बॅग उचल.

"स्टॅमिन्याचं इंजेक्शन" म्हणून मेफेंटरमाईन विकतात. हे ऑपरेशनच्या वेळी भूल दिल्यावर बीपी एकदम पडलं तर वाढवायचं औषध आहे. निरोगी पोराने व्यायामाआधी घेतलं की छाती धडधडते, जोर आल्यासारखा वाटतो, आणि सवय लागते, मग झोप उडते, भास होतात, डोकं फिरतं. महाराष्ट्रात पोलिसांनी याचे साठे बऱ्याच वेळा पकडलेत.

आणि सगळ्यात साळसूद दिसणारा प्रकार म्हणजे वजन वाढवायच्या गोळ्या, पुडीत बांधून मिळतात, नाव नाही काही नाही. त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडीन असतं. सायप्रोहेप्टाडीनने भूक लागते आणि झोप येते, डेक्सामेथासोनने तोंड सुजतं आणि घरच्यांना वाटतं पोरगं भरलं. डेक्सामेथासोन हे सुद्धा स्टेरॉईडच, पण बॉडीबिल्डिंगवाल्यांच्या उलट्या जातीचं, ते मसल खातं, साखर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं. खूप दिवस घेतलं असेल तर एकदम बंद करू नको, अंगाची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते, डॉक्टरच डोस उतरवत आणतात.

यातलं काही घेऊन बसला असशील तर लपवू नको. फिजिशियनकडे जा, जमलं तर जळगाव-नाशिकला हार्मोनच्या डॉक्टरकडे, आणि काय घेतलं, किती, किती दिवस ते खरं सांग. डॉक्टर ओरडला तरी चालेल.

पायरी 5: व्यायाम

इथे फार पाल्हाळ लावत नाही. आठवड्यात तीन दिवस, स्क्वॉट (वजन घेऊन बैठक), बेंच (आडवं पडून छातीवरून वजन ढकलणं), रो (वाकून वजन पोटाकडे ओढणं), शोल्डर प्रेस (खांद्यावरून वजन वर ढकलणं), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं), पुलअप (दांड्याला लटकून वर जाणं). प्रत्येक मोठ्या मसलला आठवड्यात साधारण 10 सेट. आज किती किलो, किती रेप (एका सेटमधे किती वेळा उचललं) ते वहीत, पुढच्या वेळी एक रेप जास्त किंवा अडीच किलो जास्त. लेग डे, म्हणजे पायांचा व्यायाम, टाळू नको. मेमधे पहाटे साडेपाचला जा, सोबत पाणी, मीठ-साखर-लिंबू. झोप 8 तास. कापूस वेचणीच्या दिवसांत दिवसभर वाकून काम केलं असेल तर तोही व्यायामच धर, त्या आठवड्यात सेट कमी कर.

पायरी 6: घरचं ताट

एका किलो वजनाला साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरे होतं, त्याच्या खूप वर जाऊन फायदा नाही. 55 किलोच्या पोराला 88 ग्रॅम. आता आपल्याच घरात मोज. कळण्याची भाकरी, चार वाटे ज्वारी एक वाटा उडीद, 150 ग्रॅम पिठाच्या दोन भाकरी म्हणजे 19 ग्रॅम. डाळ कोरडी 50 ग्रॅम, 11. दूध अर्धा लिटर, 16. चार अंडी, 25. सोयाबीन वडी 50 ग्रॅम, 26. बेरीज 97. झालं की! यात प्रोटीन पावडरचा डबा नाही आला कुठे. आपल्या आजीने ज्वारीत उडीद घातला तेव्हा तिला अमिनो ॲसिड (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक) माहिती नव्हते, पण धान्यात जे कमी असतं ते कडधान्यात असतं, भाकरी पोटभरीची झाली आणि पूर्णही झाली. श्रावणात, कानबाईच्या दिवसांत अंडी बंद असतील तर वडी आणि शेंगदाणे वाढव, दूध-दही वाढव.

केळी आपल्याकडे ढिगाने, आणि "केळी-दूध खा बॉडी होईल" हे प्रत्येक घरात सांगतात. केळीत 100 ग्रॅमला फक्त 1 ग्रॅम प्रोटीन, पण व्यायामाआधी ताकदीला याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं काही नाही. बारीक पोरांचं वजन न वाढण्याचं कारण बहुतेक वेळा खाणं कमी पडणं हेच असतं, "खाल्लेलं अंगी लागत नाही" म्हणणाऱ्याला मी आठवडाभर सगळं लिहायला लावतो, आणि दहातल्या आठ जणांचं दुपारचं जेवणच गायब निघतं.

प्रोटीन पावडर घ्यायचीच असेल तर बघून घे. 2024 मधे भारतातल्या 36 प्रोटीन पावडरींची तपासणी छापून आली, त्यात साधारण 70 टक्के डब्यांवर लिहिलेलं प्रोटीन आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं. क्रिएटिन मोनोहायड्रेट रोज 3 ते 5 ग्रॅम हे एकच सप्लिमेंट मी नवीन माणसाला मोकळेपणाने सांगतो, किडनीचा आजार नसेल तर. फरक थोडाच पडतो, पण पडतो.

पायरी 7: स्टेजवर जायचं असेल तर

दोन-तीन वर्षं तरी आधी वही भर. मग अशा स्पर्धा निवड जिथे खरंच लघवीची तपासणी होते. बंदी असलेल्या औषधांची जागतिक यादी दर 1 जानेवारीला नवी लागू होते, आणि भारतात नाडा (राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्था) तपासणी करते. नियम असा की अंगात सापडलं तर जबाबदारी तुझी, "मला माहिती नव्हतं, ट्रेनरने दिलं" हे म्हणून सुटका नाही. साधं सर्दीचं औषधही आधी तपासून घे.

तर उद्या सकाळी, चहाच्या आधी, वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाक आणि खाली मनगट, दंड, कंबर, वजन लिही. पुढचं माप बरोबर चार आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच टेपने, आणि मधे दंडाला टेप लावायची नाही.